बांबूच्या मापाचा ट्रॅक्टर

लोक प्रवासाला निघताना वळकटी घेतात, फिरकीचा तांब्या घेतात, फराळाचा डबा घेतात. आम्ही हे सगळं घेतलं आणि वर एक बांबू घेतला. या बांबूची हकिकत आधी सांगितली नाही तर पुढचा सगळा प्रवास तुम्हाला वेडेपणाचा वाटेल. सांगितल्यावरही वाटेलच, पण निदान त्या वेडेपणाला काही कारण होतं एवढं तरी कळेल.

आमचं वावर केळापूरच्या पलीकडे, सागाच्या जंगलाला खेटून आहे. ‘आमचं’ म्हणतो ते सवयीनं. वावर आमच्या घरच्यांचं, म्हणजे कौसल्येचं. सासऱ्यांनी ते लेकीला आंदण दिलं आणि वावराच्या मागोमाग मीही तिकडे राहायला गेलो. त्याआधी मी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर शिक्के मारत असे. चाळिशी उलटल्यावर शेतकरी झालेला माणूस बैलांना कसा ओळखू येतो देव जाणे, पण येतो. आमची पांढऱ्या-तांबड्याची जोडी कौसल्येनं नुसतं ‘हं’ म्हटलं की चालू लागायची. मी घसा फाटेस्तोवर ओरडलो की दोघं आधी एकमेकांकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि मग रवंथ सुरू करायची.

गेल्या दिवाळीत तांबड्या म्हातारपणानं गेला. त्याच्या जागी आणलेला बैल पांढऱ्यानं काही मानला नाही. पांढऱ्या जुवाच्या डाव्या अंगाचा. गोठ्यात, नाल्यावर, रस्त्यानं, कुठंही तो तांबड्याच्या डावीकडेच असायचा. नवा बैल उजवीकडे जुंपला की हा खाली बसे. शेवटी नवा बैल परत गेला. पांढऱ्या गोठ्यातून बाहेर निघेना. उजवीकडची जागा मोकळी सोडून तो तसाच उभा राहायचा.

मी मात्र संधी साधली. म्हटलं, आता ट्रॅक्टरच घेऊ. नवा नाही, जुना, वापरलेला. मनात चित्र असं, की मी उंच आसनावर बसलोय, डोक्यावर टोपी आहे आणि सबंध गाव धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून बघतंय.

कौसल्या म्हणाली, “आणा. पण आत न्याल कुठून?”

प्रश्न बरोबर होता. आमच्या वावराच्या एका अंगाला खोल नाला, दुसऱ्या अंगाला सरकारी जंगल आणि त्यात एक नाकेदार, ज्याला आमची सावलीही हद्दीत पडलेली चालत नाही. वाट एकच, दोन मोहांच्या मधून. बैलबंडी जाते, एवढी ती वाट. यातला एक मोह सासऱ्यांच्या हातचा. दुसऱ्याची फुलं वेचायचा मान पलीकडच्या कोलामांच्या पोडावरच्या, म्हणजे आदिवासी पाड्यावरच्या, लच्छमाबाईचा. मोह फुलला की ती तांबडं फुटायच्या आत येते, झाडाखालची जागा झाडते आणि टोपली भरून जाते. झाड आमच्या धुऱ्यावर, फुलं तिची. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही, म्हणूनच ते आजवर कोणी मोडलं नाही.

“दोनातल्या एकाही झाडाले हात लावाचा नाई,” कौसल्या म्हणाली. “सालही खरचटली नाई पाह्यजे. अखजीच्या आत या दोन झाडांतून जाईन असा ट्रॅक्टर आणा. नाई भेटला तं वावर माह्या चुलतभावाले ठोक्यानं देते, अन् तुमी जा परत जिनिंगात शिक्के माराले.”

अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया; वावरं ठोक्यानं, म्हणजे ठरीव खंडानं, द्यायची ती त्याच दिवशी. जिनिंगात माझा शिक्का केव्हाच दुसऱ्याच्या हाती गेला होता. म्हणजे मला जायला जागा नव्हती. तिला हे माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे मलाही माहीत होतं.

मग तिनं बांबू कापला. दोन झाडांमध्ये आडवा धरला, दोन्ही अंगांना वीत-वीत जागा सोडली आणि टोकं उडवली. ट्रॅक्टर या बांबूपेक्षा तिळभरही रुंद असला तर आणायचा नाही. झाला करार.

सोबतीला मामाजी. हे कौसल्येचे मामा. आसपासच्या गावांत कोणालाही बैल घ्यायचा असला तर मामाजींना नेल्याशिवाय तो बाजाराला जात नाही. दात, खूर, भोवरा, शेपटीचा गोंडा बघून ते बैलाचा स्वभावच काय, त्याच्या मालकाचाही स्वभाव सांगतात. ट्रॅक्टर मात्र त्यांनी कधी जवळून पाहिलेला नव्हता. “जनावर चार पायाचं असो की चार चाकाचं, पाहाची रीत एकच असते, जवाई,” असं म्हणून ते निघाले. जावयाला एकटा सोडायचा नाही हा कौसल्येचा हुकूम होताच.

पांढरकवडा

खांद्यावर बांबू घेऊन दोन माणसं निघाली की रस्त्यातले लोक आधी टोपी काढतात, मग मागे तिरडी दिसत नाही म्हणून बुचकळ्यात पडतात. आम्हाला बस मिळेपर्यंत तीन जणांनी ‘कोण गेलं’ विचारलं. तिसऱ्याला मामाजींनी ‘अजून जाचं हाय’ असं सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं.

कंडक्टरनं बांबू टपावर टाकायला लावला. केळापूर आलं तेव्हा मामाजींनी खिडकीतून एका घराच्या मागच्या छपरीकडे बोट केलं. तिथं गंजलेल्या लोखंडाच्या कसल्याशा ढिगावर ओळीनं कोंबड्या बसलेल्या होत्या. “पाहा, यायच्या घरी कोंबड्याले बी सिंहासन हाय,” मामाजी म्हणाले. आम्ही पोट धरून हसलो आणि पुढं गेलो. हे हसणं पुढं आमच्या अंगाशी येणार होतं.

पांढरकवडा हे गाव नसून रस्ता आहे आणि त्या रस्त्याला दोन्हीकडून घरं चिकटली आहेत, असं माझं जुनं मत आहे. नागपूर-हैदराबादचे ट्रक दिवसभर धूळ उडवत जातात. हॉटेलात एका बाकावर हिंदी, दुसऱ्यावर तेलुगू आणि मधल्या बाकावर दोन्ही न कळणारे आपण. आमच्याकडे पाहुण्याला चहा आधी बशीत ओतून देतात. इथं ड्रायव्हर लोक पेल्यातून उभ्या उभ्या पितात, जणू चहाही कुठं तरी निघाला आहे. आलूबोंडा मात्र अस्सल. मी दोन खाल्ले. मामाजींनी घरून आणलेली भाकर ठेच्याशी खाल्ली आणि आपल्या तांब्यातलं पाणी प्यायले. परक्या गावचं पाणी प्यायचं नाही, हा त्यांचा नेम. त्या नेमाचे बारकावे बरेच होते, पण ते विहीर कोणाची यावर अवलंबून असत, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

रस्त्याच्या कडेला एका सरदारजींचं ट्रकदुरुस्तीचं आवार होतं. तिथं निळा ट्रॅक्टर विकायला उभा असल्याचं कळलं होतं. कुठल्या तरी धरणाच्या कामावरून आलेला हा ट्रॅक्टर, आमच्या गोठ्याएवढा. मामाजींनी त्याला दुरून एक फेरी मारली. मग जवळ गेले. पुढच्या जाळीत बोटं घालून दात पाहिले. टायरच्या खाचांतून माती उकरून खूर पाहिले. “मारका तं नाई ना?” त्यांनी सरदारजींना विचारलं. सरदारजींना मराठी येत नव्हतं, पण प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा गंभीर होता म्हणून त्यांनीही गंभीरपणे मान हलवली आणि हँडल मारलं.

मामाजी त्याच वेळी शेपटी बघायला मागे गेले होते. मागच्या नळीतून असा बार निघाला की आवारातले कावळे उडाले आणि मामाजी खाली बसले. धोतर, पागोटं, मिशा, सगळं एका रंगाचं झालं.

बांबू लावून पाहिला. निळा दोन्हीकडून हातभर बाहेर. मी बांबू कशाचा ते सांगितलं, तेव्हा सरदारजी हसून हसून टायरवर बसले. “अजी महाराज, ट्रैक्टर चाहिए या सुई का धागा?” पण माणूस मोठ्या मनाचा. आर्णीकडे एक बडे कास्तकार आहेत, त्यांच्याकडे लहान लाल ट्रॅक्टर आहे आणि तो त्यांना काढायचाय, हा पत्ता त्यांनीच दिला.

तोंड धुऊन झाल्यावर मामाजी म्हणाले, “हातात तुतारी नव्हती नं, म्हणून ते आंगावर आलं.”

तुतारी म्हणजे आमच्याकडे बैल हाकायची काठी, टोकाला खिळा ठोकलेली. उमद्या जनावरासमोर मोकळ्या हातानं उभं राहिल्याची लाज त्यांच्या तोंडावरून काजळीबरोबर गेली नव्हती.

आर्णी

वाटेत घाटंजीला मामाजींच्या सोयऱ्याकडे मुक्काम केला. तिथं अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्यांचा घाटा असं जेवण झालं. आमच्याकडे अंबाडीत तुरीची डाळ घालतात, इथं ज्वारीच्या कण्या घालतात. मी दोन्ही खाऊन पाहिल्या आहेत. भांडण लावण्यासारखा फरक नाही, पण सोयऱ्यांमध्ये तो लागलेला आहे.

सकाळी बसथांब्यावर आलो तेव्हा मामाजींच्या हातात कोरी करकरीत तुतारी होती. गुळगुळीत तासलेली, टोकाला नवा खिळा. मी विचारलं, “कुठं भेटली?”

“भेटते. पाहणाऱ्याले भेटते,” मामाजी म्हणाले.

मी तुतारीचं मनापासून कौतुक केलं. बांबू तोवर टपावर चढवलेला होता.

आर्णीजवळच्या त्या गावात उतरलो तर वेगळाच प्रकार. पुढं तुतारी घेतलेले मामाजी, मागं बांबू घेतलेला मी. आम्हाला बघून एक बाई घरात गेली आणि तिनं दार लावलं. एका म्हाताऱ्यानं आपल्या कुंपणाचा एक काटा हळूच आत ओढला. वाड्याशी पोहोचलो तर खुद्द बापूसाहेब पायऱ्या उतरून सामोरे आले. लठ्ठ, गोरे, घामेजलेले. या, बसा, हातपाय धुवा, आधी जेवण, मग काम. मामाजी माझ्या कानाशी म्हणाले, “माणूस खानदानी दिसून राह्यला.”

जेवण तर विचारू नका. पातोडीचा झणझणीत रस्सा, वांग्याची भाजी, पुरणाचे मांडे, आणि मांड्यावर तूप असं, की बोटांनी वाट काढावी लागे. आमच्याकडे पुरणपोळी पोळपाटावर लाटतात. इथं मांडा हातावर फिरवून रुमालासारखा मोठा करतात आणि उपड्या खापरावर टाकतात. दोन बायका तेच करत होत्या आणि मधूनच दाराआडून बांबूकडे बघत होत्या.

बापूसाहेब शेजारी बसून आपल्या जमिनीचं रडगाणं गात होते. इतकी वाईट जमीन मी ऐकलेली नाही. अर्धी खडकाळ, पाव नाल्यानं नेलेली, उरलेली भावाच्या नावावर, आणि त्या भावाशी बोलणं नाही. मी सहानुभूतीनं मान हलवत होतो. मामाजी तिसऱ्या मांड्यावर होते. शेवटी मी म्हटलं, “मग तुमचा ट्रॅक्टर कुठं आहे?”

बापूसाहेबांचा हात तुपाच्या वाटीवरच थांबला. “कोणता ट्रॅक्टर?”

“लाल. लहान. आम्ही तोच बघायला आलो.”

“लोकं कायबी सांगतेत,” बापूसाहेब म्हणाले. “माह्याकडं बैलबंडी हाय फक्त. तीबी मोडकी.”

मामाजींनी तोंडातला घास गिळला आणि सरळ सांगून टाकलं की जवायाले ट्रॅक्टर इकत घ्याचा हाय, अन् हा बांबू मोहाच्या झाडाचं माप हाय. बापूसाहेबांनी दोनदा विचारून खात्री केली. मग उलगडा झाला. सरकार मोठ्या कास्तकारांची जमीन मोजून जास्तीची काढून घेणार, अशी आवई तिकडे उठली होती. आम्ही बांबूसकट बसमधून उतरताना कोणी तरी पाहिलं आणि धावत वाड्यावर येऊन मोजणीवाले आल्याची वर्दी दिली. त्या घाईत लाल ट्रॅक्टर कडब्याच्या गंजीत दडवला गेला होता.

मी हसलो. बापूसाहेब हसले नाहीत. त्यांनी आत पाहून नुसता हात हलवला आणि मांडे थांबले. चौथा मांडा मामाजींच्या ताटापर्यंत येऊन परत गेला. तो जाताना मामाजींनी त्याच्याकडे जसं पाहिलं, तसं त्यांनी तांबड्या गेला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

गडीमाणसांनी कडब्याच्या पेंढ्या उपसल्या आणि लाल ट्रॅक्टर बाहेर आला. काय सांगू! आटोपशीर, चकचकीत, दोन्ही दिवे शाबूत, आसन असं की जणू माझी बैठक बघून ओतलंय. हँडल एकदा मारलं की सुरू. मामाजी तुतारी घेऊन मागे उभे राहिले, तरी त्यानं बार काढला नाही. “गुणी हाय,” ते म्हणाले. मी आसनावर बसलो, टोपी सारखी केली आणि मनातल्या मनात गावाला धुऱ्यावर उभं केलं.

मग बांबू लावला. चार बोटं. लाल ट्रॅक्टर बांबूच्या बाहेर फक्त चार बोटं येत होता.

मी बांबू पुन्हा लावला. तिरपा लावून पाहिला. पोट आत घेऊन पाहिलं, जणू माझ्या पोटानं ट्रॅक्टर बारीक होणार होता. मामाजींना म्हटलं, “चार बोटं काय, तिनं वीत-वीत जागा सोडलीच आहे.”

“जवाई,” मामाजी म्हणाले, “तुमी तिचे नवरे हा. मी मामा हाव. तिले मी लहानपणापासून ओळखतो.”

तो मुद्दा बिनतोड होता. तिळभर म्हणजे तिळभर. मी लाल ट्रॅक्टरवरून उतरलो. परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत होतो, पण मला सगळीकडे तो लालच दिसत होता. शिक्के मारायची दौतही दिसत होती.

केळापूर

पांढरकवड्याहून गावाकडची बस धरली. केळापूरला आली आणि फस्स करून एका अंगावर कलली. ड्रायव्हरनं चाकाकडे पाहिलं, टपावरच्या जादा चाकाकडे पाहिलं, तेही तसंच असल्याचं त्याला आठवलं आणि तो विडी ओढत झाडाखाली बसला. आम्ही बांबू उतरवून चालायला लागलो. चालता चालता समोर कोण? तर त्याच कोंबड्या.

त्या ढिगाला चाकं होती. आणि एका कोंबडीच्या पायाखाली होतं ते स्टिअरिंग होतं.

आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता उभे राहिलो.

घर जानरावांचं. मिलिटरीत ड्रायव्हर होते, आता थोडी शेती करत होते. दारावर निळा झेंडा, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. जानराव ‘जयभीम’ म्हणाले. मी ‘जयभीम’ म्हटलं, मामाजींनी त्याच क्षणी ‘राम राम’ म्हटलं आणि दोन्ही जानरावांनी ठेवून घेतले.

आजवर आपला माल वाईट आहे असं सांगणारा विक्रेता मी पाहिला नव्हता. जानराव उत्साहानं सांगू लागले. हा संत्र्याच्या बागेतला ट्रॅक्टर, दोन ओळींतून जावा म्हणून अरुंद बनवलेला. एक दिवा फुटलाय. पेट्रोलवर सुरू होतो, मग गरम झाला की त्याला रॉकेल पाजावं लागतं. थंडीत रुसतो. ब्रेक उजव्या चाकाचाच लागतो, डाव्याचा लागत नाही, त्यामुळे ब्रेक दाबला की थांबायच्या ऐवजी उजवीकडे गिरकी घेतो.

“मग यात चांगलं काय आहे?” मी विचारलं.

जानरावांनी जरा विचार केला. “कोंबड्याले आवडते,” ते म्हणाले.

आतून त्यांच्या पत्नी सीताबाई म्हणाल्या, “न्या बाप्पा ते डबडं. मले छपरी मोकळी पाह्यजे.”

मी बांबू लावला. ट्रॅक्टर आत. दोन्हीकडून बोट-बोट आत. मी मामाजींकडे पाहिलं. मामाजींनी आकाशाकडे पाहिलं.

सुरू करून बघायचा तर रेडिएटरमध्ये पाणी हवं. सीताबाई घागर घेऊन निघाल्याच होत्या, पण मला कुठं धीर. बाकावर मामाजींचा तांब्या दिसला, तो मी उचलून रेडिएटरमध्ये रिकामा केला. मग हँडल. मी मारलं, जानरावांनी मारलं. शेवटी “सरा, हे जनावर मले ओळखते,” म्हणून मामाजी पुढं झाले आणि पागोटं सुटेपर्यंत मारत राहिले. एकदाचा तो खोकला, शिंकला आणि चालू झाला. कोंबड्या ओरडत उतरल्या. मी चढलो, थोडा पुढं गेलो, घाबरून ब्रेक दाबला आणि उजवीकडे गिरकी घेतली. मग दुसरी. तिसऱ्या गिरकीत सीताबाईंचं वाळत घातलेलं लुगडं माझ्या डोक्यावर आलं, म्हणून चौथी गिरकी किती मोठी होती ते मला सांगता येणार नाही.

मामाजींच्या तोंडाला कोरड पडली होती. त्यांनी तांब्या उचलला. हलका लागला. आत पाहिलं. मग ट्रॅक्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सीताबाई तोवर घागर घेऊन आल्या होत्या. त्यांनी पेला भरून बाकावर ठेवला, हातात दिला नाही. घ्यायचा की नाही हे त्यांनी मामाजींवर सोडलं होतं. मामाजींनी पेला उचलला, डोळे मिटले आणि प्यायले. मग दुसरा मागितला.

“गोड हाय पाणी,” ते पुटपुटले.

“पाणी एकच हाय मामाजी,” जानराव म्हणाले. “गावानं विहिरी दोन खणल्या.”

मामाजींनी पेला पुन्हा पुढं केला. तिसऱ्या पेल्यानंतर त्यांनी जानरावांना आमच्या सोबत यायचं आवतण दिलं, कारण मला चालवता येत नाही हे तोवर सिद्ध झालं होतं.

सौद्यात एकच अडचण निघाली. आसनाखालच्या हत्यारांच्या पेटीत एक कोंबडी अंडी उबवत बसली होती आणि तिला हलवायचं नव्हतं. सीताबाईंनी तोड काढली. ट्रॅक्टर कोंबडीसकट न्यायचा, पिल्लं निघाली की कोंबडी परत, आणि पिल्लं अर्धी त्यांची, अर्धी आमची. आमच्याकडे शेळी पोसायला देतात ती याच बोलीवर. किमतीचं इथं लिहीत नाही. कौसल्या हे वाचणार आहे.

दोन मोह

केळापूर ते आमचं वावर हा प्रवास आम्ही बैलबंडीच्या चालीनं केला. बैलबंडीच्या चालीनं म्हणतो तेही वाढवून. दोन बंड्या आम्हाला मागं टाकून गेल्या आणि दुसरीतल्या म्हातारीनं ‘बसता का’ विचारलं. पुढं तुतारी घेऊन मामाजी, वर जानराव, चाकावरच्या पत्र्यावर मांडीवर बांबू घेतलेला मी, आणि माझ्या शेजारच्या पेटीत डोळे मिटून बसलेली कोंबडी. आम्हा चौघांत तीच काय ती बेफिकीर होती.

मोह फुलला होता. तो गोड, जड वास लांबूनच आला. दोन झाडांखालची जागा झाडलेली होती, लच्छमाबाई टोपलीवर हात ठेवून बसली होती आणि कौसल्या वाटेत उभी होती. गाव धुऱ्यावर जमलेलं नव्हतं. पांढऱ्या मात्र गोठ्याच्या दारात उभा होता. आवाज ऐकून तेवढाच बाहेर आला होता.

कौसल्येनं आधी कोंबडी पाहिली, मग ट्रॅक्टर. हात पुढं केला. मी बांबू दिला. तिनं तो ट्रॅक्टरला लावला आणि मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला. मग तिनं तोच बांबू दोन मोहांच्या मधे धरला.

एका टोकाला वीत सोडली. दुसऱ्या टोकाला वीत उरायला हवी होती. तिथं वीत आणि वर चांगली हातभर जागा मोकळी होती.

“बांबू आखडला का काय?” ती म्हणाली.

मी म्हटलं, उन्हाचे दिवस आहेत. जानराव म्हणाले, बांबू आखडत नसतो. लच्छमाबाईनं सरळ मामाजींकडे बोट केलं. मामाजींनी तुतारी पाठीमागे घेतली. पण ती पाठीपेक्षा लांब होती.

कौसल्येनं ती काढून घेतली आणि बांबूच्या टोकाला लावली. पेराला पेर बसलं.

“मामा,” ती म्हणाली, “हे काय?”

“म्या टोक कापलं,” मामाजी म्हणाले. “माप थोडंच कापलं.”

“बांबूले काय शेपटी असते, मामा?”

माझ्या डोळ्यांसमोर कडब्यातून बाहेर येणारा लाल ट्रॅक्टर उभा राहिला. चार बोटं! तुतारी हातभर होती. तो या वाटेनं डुलत डुलत गेला असता, दोन्ही दिव्यांनिशी. मी जिनिंगमध्ये सात शिव्या शिकलो होतो. त्या मी एकेक करून मनात म्हटल्या, कारण समोर सासरचं माणूस होतं.

जानरावांनी ट्रॅक्टर आत घातला. दोन्ही झाडांना न शिवता तो मधोमध गेला असता, पण त्यांनी उजव्या झाडाशी धरून घातला. गिरकी होते ती उजवीकडेच, म्हणून उजवं झाड नजरेखाली ठेवायचं आणि ब्रेकला पाय लावायचा नाही, असा त्यांचा हिशोब. त्यामुळे डावीकडे जागा राहिली.

त्या जागेत पांढऱ्या आला.

कोणी बोलावलं नव्हतं. गोठ्यातून तो संथपणे चालत आला, ट्रॅक्टरच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला आणि मान जराशी खाली केली, जुवाखाली देतात तशी. जानरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी कौसल्येकडे. ती लुगड्याच्या पदरानं नाक पुसत होती, मोहाच्या वासानं असेल.

“हं,” ती म्हणाली.

पांढऱ्या निघाला. ट्रॅक्टर निघाला. दोघं जोडीनं दोन मोहांच्या मधून आत गेले. पांढऱ्याची कूस एका झाडाला घासली, तिकडे कौसल्येनं लक्ष दिलं नाही. लच्छमाबाई मात्र लगेच उठली आणि चाकाखाली आलेली चार फुलं मोजून वेगळी ठेवली.

अखजीला वावर माझ्याकडेच राहिलं. वावरातल्या सागाच्या जुन्या खुंटांच्या मधून चालायला ती उजवीकडची गिरकी फार कामाची आहे, हे पुढं कळलं. कोंबडीला नऊ पिल्लं झाली. नववं अर्धं कसं करायचं यावर सीताबाई आणि कौसल्या यांची बैठक अजून व्हायची आहे. मामाजी केळापूरवरून जाताना जानरावांकडे थांबतात, पाणी पितात, आणि परक्या गावचं पाणी पीत नाही असं अजून सांगतात.

जानरावांकडून मी चालवायला शिकलो. नांगरट चालली की पांढऱ्या डाव्या अंगानं चालतो. तो थांबला की मी थांबतो, कारण तो थांबतो तिथं दगड असतो. त्या लाल ट्रॅक्टरच्या शेजारी या वाटेत त्याला जागा झाली नसती, हे मी आता मान्य करतो, पण मामाजींसमोर नाही.

येणारे-जाणारे धुऱ्यावर उभे राहून विचारतात, “ट्रॅक्टर कोण हाकते?”

कौसल्या म्हणते, “पांढऱ्या. हे वर बसतेत.”